अकरा वाजून दहा मिनिटं

डॉक्टरबाईंनी ह्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला, पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "काका, एक घड्याळ काढा बघू." मला हसूच फुटलं. म्हटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत इथेच मुक्काम. ह्या माणसाला घड्याळ काढायला सांगायचं? अहो, ह्यांच्या डोक्यात दुसरं आहे काय!

"गोल काढा, सगळे आकडे घाला आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांचे दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. वयाने आमच्या लेकीपेक्षाही लहान, पण आवाज असा खणखणीत लावलेला, जसं काही आम्ही दोघं ठार बहिरे.

ह्यांनी बाह्या सरसावल्या. जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी केलेली, हात कसलेला. एका दमात गोल काढला, नुसत्या हाताने, आणि तो कुठे चेपला नाही की फुगला नाही. आधी बारा, सहा, तीन, नऊ. मग मधले आकडे. मग मिनिटांच्या बारीक बारीक रेघा. तीनच्या आकड्याशी तारखेची इवलीशी चौकट. उजवीकडे चावी, आणि त्या चावीवरचे दातेसुद्धा. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या आणि बघतच राहिल्या. माझी मान अशी ताठ झाली! मनात म्हटलं, बघा, बघून घ्या, म्हणे विसरतात.

मग ह्यांनी काटे काढले. छोटा दहावर, मोठा दोनवर.

"किती वाजलेत ह्यात, काका?"

"दहा दहा," हे ऐटीत म्हणाले.

"आणि मी किती सांगितले होते?"

हे डॉक्टरबाईंकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. जत्रेत हात सुटलेलं पोर कसं बघतं, तसं. माझा पारा चढला.

"अहो डॉक्टरबाई," मी म्हटलं, "हे घड्याळांचे फोटो काढतात. छंद आहे त्यांचा. फोटोसाठी घड्याळ दहा दहालाच लावायचं असतं, जगभर तसंच लावतात. वर्षानुवर्षं तेच केलंय ह्या हातांनी. तुम्ही घड्याळ म्हटलंत, हाताने दहा दहा काढलं. ह्यात विसरायचं काय आलं?"

"असेल, काकू. सवयही असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण सांगितलेलं ऐकून सवय बाजूला ठेवता येते का, तेच तर बघायचं असतं." आणि काहीतरी लिहिलं. गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "काही महिन्यांनी परत या. पुन्हा हेच करून बघू."

पुन्हा हेच! मी कान टवकारले. म्हणजे पेपर फुटलाच की.

आता हा छंद काय भानगड आहे ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. ह्यांना जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद. महागडी नाहीत हो, कुणी चोरूनही नेणार नाही असली. दुरुस्तीवाल्यांच्या खणात वर्षानुवर्षं पडलेली, मालक परत न आलेली, काच तडकलेली, पट्टा नसलेली. आमच्या घरी म्हणजे घड्याळांचं अनाथालय. एखाद्याच्या पाठीवर कोरलेलं असायचं, "निवृत्तीनिमित्त सप्रेम." एकावर होतं, "थोरल्या दादाकडून." ते वाचून हे हळवे व्हायचे आणि ते पदरात घालून घेऊन यायचे. मी म्हणायचे, माझ्या वाढदिवसाची तारीखही कशाच्या तरी पाठीवर कोरून घ्या, म्हणजे लक्षात राहील.

घड्याळ आणलं की त्याचे फोटो. खिडकीपाशी टेबल, टेबलावर काळी मखमल, जी माझ्या चांगल्या पिशवीचं अस्तर फाडून केलेली. धूळ उडवायला रबरी फुगा. उन्हाचा झोत काचेवर पडला की सगळं पांढरं दिसतं, म्हणून खिडकी आणि घड्याळाच्या मध्ये ट्रेसिंग पेपर धरायचा. इतर लोक निवृत्त होताना कचेरीतून शाल, फुलदाणी असलं काही घेऊन येतात, ह्यांनी ट्रेसिंग पेपरची अख्खी गुंडाळी मागून आणली. आणि तो कागद धरणार कोण? मी. दुसऱ्यांच्या बायका फोटोत असतात, मी फोटोच्या बाहेर, दोन्ही हात वर करून.

"हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

"घे, पण हळू घे."

हे आमचं रोजचं. हात भरून यायचे, मी तोंडाचा पट्टा सोडायचे, भाजी जळेल म्हणायचे, कुठून ह्या घरात पडले म्हणायचे. पण कागद हलू दिला नाही कधी. हे चावी बाहेर ओढायचे, तशी सेकंदाचा काटा जागच्या जागी थांबायचा. मग काटे फिरवून दहा दहा. का दहा दहा, ते मला हजारदा सांगून झालं होतं. दोन्ही काटे वर उघडले की मधोमध कंपनीचं नाव मोकळं दिसतं, खालची छोटी तबकडी झाकत नाही, आणि घड्याळ हसरं दिसतं. "रडक्या तोंडाचा फोटो कोण काढतं?" हे म्हणायचे. कपाटात सगळी घड्याळं दहा दहाला थांबलेली. खरी वेळ बघायची तर स्वयंपाकघरात जायला लागायचं.

दवाखान्यात जायची वेळ आली ती कॅमेऱ्याची बॅटरी साखरेच्या डब्यात सापडली म्हणून नव्हे. ते मी हसण्यावारी नेलं होतं. पण एका दुपारी हे भाजी आणायला गेले आणि शेजारच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवत उभे राहिले. त्या घरातल्या बाईंनी दार उघडलं, तर हे भाजीची पिशवी त्यांच्या हातात देऊन आत शिरायला निघाले. त्या बाई सज्जन, हाताला धरून आणून सोडलं. आमच्या लेकीला, चिमीला, फोनवर सांगितलं, तर तिने लांबच्या गावाहून डॉक्टरांची वेळच घेऊन टाकली.

तर त्या घड्याळाच्या चित्रानंतर घरी आल्यावर चिमीचा फोन. "आई, काय म्हणाले?"

"काय म्हणायचंय? फोटोवाल्याला घड्याळ काढायला सांगितलं, त्याने फोटोतलं काढलं. पुढच्या वेळी बघ तू."

"पुढच्या वेळी काय?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी कागद-पेन्सिल समोर. "काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

ह्यांनी काढलं दहा दहा.

"अहो, अकरा! अकरा दहा!"

"अगं, अकरा दहाला तासकाटा नावाला जाऊन भिडतो. एक बाजू जड होते. फोटो बिघडतो."

"फोटो नाही काढायचाय. परीक्षा आहे."

"मग परीक्षा घेणाऱ्यालाच काही कळत नाही," हे म्हणाले आणि चहा मागितला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जो माणूस असा मुद्देसूद भांडतो, त्याला काय धाड भरलीय? मी चहात एक चमचा साखर जास्त घातली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दहा दहा, आणि पुन्हा तोच नावाला भिडणारा काटा, अगदी शब्दाला शब्द. तिसऱ्या दिवशीही. कालचं बोलणं झालंच नव्हतं जणू. मग मात्र मी कंबर कसली. फोटोबिटो सगळं बंद, म्हटलं, आधी अभ्यास. ट्रेसिंग पेपरची गुंडाळी माळ्यावर टाकली. चिमीची जुनी लाल पेन्सिल शोधून काढली. चुकलं की फुली, बरोबर आलं की गोल.

कागदावर जमेना म्हणून कपाट उघडलं. एक एक घड्याळ ह्यांच्या हातात द्यायचं, चावी ओढा, फिरवा, थांबा. हातांना शिकवायचं, डोक्याला नाही, अशी माझी युक्ती. आणि तोंडाने म्हणायला एक गाणंही जुळवलं. "छोटा अकरावर, मोठा दोनवर." मी म्हणायचे, हे माझ्यामागून म्हणायचे. दाढी करताना म्हणायचे, बुटाचे बंद बांधताना म्हणायचे. मला वाटलं, गाडी रुळावर येतेय.

एकदा तर कमालच झाली. सलग सगळी चित्रं बरोबर आली. मी लाल पेन्सिलीने मोठा गोल काढला आणि म्हटलं, "शाबास!" हे ताठ बसले आणि म्हणाले, "हो, बाई." शाळेत मास्तरीणबाईंना म्हणतात ना, तसं. मला गंमत वाटली. मीही सूर पकडला. "बसा खाली," म्हटलं, "उद्याही असंच यायला पाहिजे." दोघंही हसलो. निदान मला तरी वाटलं की दोघं हसलो.

सगळे दिवस असे नव्हते. एकदा ह्यांनी पेन्सिल फेकून दिली. "मला नाही करायचं!" आवाज असा की भांडी वाजली. मी त्याहून मोठ्याने ओरडले, "नाही करायचं ना? मग मी काय करू? सांगा ना, मी काय करू? तुम्ही असे एक एक पायरी उतरत जाणार आणि मी नुसती बघत बसू?" हे खाली वाकले, टेबलाखालून पेन्सिल शोधून आणली आणि काढायला बसले. छोटा अकरावर, मोठा दोनवर. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. मला भीती वाटत होती. दुसरं काही नाही हो. भीती. हा माणूस समोर बसलेला असताना मला एकटं वाटायला लागलं होतं.

परीक्षेचा दिवस आला. ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. मनगटावर घड्याळ बांधलं, चालू असलेलं, बरोबर वेळेचं. वाटेत रिक्षात दोनदा म्हणून घेतलं.

डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला. "काका, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा—"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ह्यांचा गोल काढून झाला होता. आकडे, रेघा, तारखेची चौकट, चावी. छोटा अकरावर. मोठा दोनवर. सुरेख! माझ्या जिवात जीव आला. मी डॉक्टरबाईंकडे असं बघितलं, की काय, आता बोला. चिमीला काय काय सांगायचं ते मनात जुळवूनही झालं.

"वा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "काका, आत्ता किती वाजलेत?"

"अकरा वाजून दहा मिनिटं."

भिंतीवर चार वाजत आले होते. मनगटावर घड्याळ होतं. ह्यांनी ना भिंतीकडे बघितलं, ना मनगटाकडे. ज्या माणसाने उभा जन्म घड्याळाच्या काचेत डोळे घातले, त्याने एकदा मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"सकाळी किती वाजता उठता?"

"अकरा दहा."

"आणि जेवता कधी?"

"छोटा अकरावर," हे म्हणाले, "मोठा दोनवर." आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, घरी सराव करून घेतलात का?"

"घेतला," मी म्हटलं. "तुमचा पेपर फुटला होता."

मला वाटलं चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "काकू, ही पास व्हायची परीक्षा नव्हती हो. तापमापक गार पाण्यात बुडवलं म्हणून ताप उतरतो का?"

माझी जीभ किती चालते ते सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्या दिवशी एवढंच विचारलं, "ते दहा दहा तरी परत येईल ना?"

"म्हणजे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांना कुठून कळणार? मी नाही समजावत बसले.

त्या रात्री ठरवलं, अभ्यास गेला चुलीत. उद्यापासून फोटो. सकाळी उठून टेबल खिडकीपाशी ओढलं. मखमल झटकली. शिडी लावून माळ्यावरून ट्रेसिंग पेपर काढला. कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, इतकी वर्षं बघून बघून तेवढं मला येतं. कपाटातून ह्यांचं लाडकं घड्याळ काढलं, ते तपकिरी तबकडीचं, "थोरल्या दादाकडून"वालं. म्हटलं, "अहो, चला. ऊन छान आलंय. आज फोटो काढू."

ह्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. लगबगीने येऊन बसले, फुग्याने धूळ उडवली, घड्याळ उन्हाकडे धरून तिरपं करून बघितलं. हात तेच, नजर तीच. मला वाटलं, आहे, अजून आहे. नखाने चावी अलगद बाहेर ओढली. सेकंदाचा काटा थांबला. हे काटे फिरवायला लागले, आणि मी देवाचं नाव घेतलं.

छोटा अकरावर. मोठा दोनवर.

"अहो," मी म्हटलं, "दहा दहा ना? बघा, काटा नावाला भिडलाय."

"अकरा दहा," हे म्हणाले.

"परीक्षा संपली. आता फोटो आहे. फोटोला दहा दहा लागतं, तुम्हीच सांगायचात. हसरं तोंड. आठवतंय?"

हे माझ्याकडे शंकेने बघायला लागले, मी त्यांना फसवतेय की काय, असं. मी घड्याळ हातातून घेतलं आणि स्वतः काटे फिरवले. दहा दहा. मखमलीवर ठेवलं. "हं. असं."

ह्यांनी ते उचललं. अजिबात न रागावता, एखाद्या लहान मुलीची चूक सुधारावी तसे काटे पुन्हा पुढे नेले. ओठ हलत होते. छोटा अकरावर. मी कपाटाकडे वळले, म्हटलं एखादं जुनं घड्याळ दाखवावं, दहा दहाचं, म्हणजे आठवेल. सगळे कप्पे उघडले. एकूण एक घड्याळ अकरा दहाला थांबलेलं. एक एक करून ती सगळी मीच ह्यांच्या हातात दिली होती. भाजीची पिशवी घेऊन परक्या दारात उभं राहिल्यावरही जे हातात उरलं होतं, ज्याच्यासाठी हे माझ्याशी भांडले होते, ते मीच लाल पेन्सिलीने खोडून टाकलं होतं. मी कपाटाचं दार धरून उभी राहिले.

मागून आवाज आला, "बरोबर आलं का, बाई?"

मी वळले. हे घड्याळ दोन्ही हातांत धरून मला दाखवत होते. ह्या वेळी मला गंमत नाही वाटली. ते खेळ करत नव्हते.

"बरोबर आलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मग आता घरी जाऊ का?" हे हळूच म्हणाले. "उशीर झाला. आमची ही कागद धरून उभी असेल खिडकीशी. हात दुखून येतात तिचे. बडबड करते खूप, पण कागद हलू देत नाही."

ट्रेसिंग पेपर उचलला, खिडकीपाशी गेले आणि रोजच्या जागी उभी राहिले. दोन्ही हात वर केले. म्हटलं, इथे उभी राहिलेली दिसले, तर ओळखतील. टेबलाच्या पलीकडे, कागदाआड, हात वर, ह्याच खिडकीत किती वर्षं बघितलंय मला.

हे कॅमेऱ्यापाशी गेले. डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग डोकं वर काढून अगदी अदबीने म्हणाले, "जरा घट्ट धरता का, बाई? कागद हलतोय."

मी घट्ट धरला. तो हलायचा थांबेना.